पडीक जमिनीतलं उभं भात

बुधवार, १८ सप्टेंबर १९७४. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. गिरीज गावात सॅन्टन तुस्कानोच्या शेताच्या बांधावर फणसाचं झाड आहे, त्या झाडाला जयराम घरत यांनी एक नोटीस ठोकली. सदर तीस गुंठे जमीन पडीक असून तीत कोणतंही पीक नाही, सबब ती चाळीस दिवसांत नांगरून लागवडीखाली आणण्यात येईल, असा मजकूर होता. चौथा खिळा वाकला, तेव्हा तो सरळ करून द्यायला सॅन्टन स्वतः पुढे आला. तोवर तो त्याच जमिनीत, कमरेएवढ्या भातात उभा राहून गवत उपटत होता.

त्याने नोटीस दोनदा वाचली. पहिल्यांदा तो बघत होता की जमीन कुणाची आहे. दुसऱ्यांदा त्याने भाताकडे बघितलं. लोंब्या बाहेर पडल्या होत्या आणि खालपर्यंत दाणा भरत आला होता.

"नांगरणार म्हणजे काय?" त्याने विचारलं. "आणि हे भात?"

"कुठलं भात, काका?" जयराम म्हणाला. हे म्हणताना तो झाडाकडे बघत होता.

जयराम सत्तावीस वर्षांचा, जूचंद्रचा. बाप आगरी, निम्मं वर्ष मिठागरावर आणि निम्मं भाताच्या खाचरात. म्हणजे भात आणि गवत यांतला फरक त्याला पाळण्यातच कळलेला. पण गेल्या मार्चपासून तो अन्नस्वावलंबन मोहिमेचा पर्यवेक्षक होता. मोहिमेची कचेरी स्टेशनबाहेर सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. त्या वर्षी खताचा तुटवडा होता आणि युरिया कुपनावर मिळे. मोहिमेकडे माणसं थोडी आणि गावं पुष्कळ, म्हणून शेतं बघत हिंडण्यापेक्षा मोठ्या साहेबांनी एक सोपा हिशेब बसवला होता. ज्याने युरिया उचलला त्याने शेत लावलं, ज्याने उचलला नाही त्याचं शेत पडीक. हिशेब सगळीकडे बरोबर आला, फक्त सॅन्टनपाशी चुकला. तिथेही कचेरीच्या मते हिशेब बरोबरच होता.

सॅन्टनने युरिया उचलला नव्हता, यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं. त्याच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे झाडांना पाणी देण्यासाठी खणलेलं जुनं तळं. दर मे महिन्यात त्याचं पाणी आटलं की तळाचा काळा गाळ काढायचा आणि शेतात पसरायचा, असं त्याच्या आजापासून चालत आलेलं. त्यावर गोठ्यातलं शेण, कुजवलेला पाला, थोडी एरंडीची पेंड आणि पाचूबंदरच्या कॅथरिनकडून आलेली सडकी मासळी. कॅथरिन मासे विकायला येई, तिला केळी लागत. मासे ती माणसांसाठी देई आणि विकण्यापलीकडची टोपली भातासाठी. युरियासाठी मात्र उन्हात रांग लावावी लागे. गाळ घरचाच होता, म्हणून सॅन्टन रांगेत गेला नाही. एवढंच.

घरात सात तोंडं. भाजी, केळी, नारळ, अळू वाडीतलं आणि वर्षाचा तांदूळ या तीस गुंठ्यांतला. ज्या वर्षी अर्धं गाव रेशनच्या लाल मिलोसाठी, म्हणजे परदेशी ज्वारीसाठी, पिशवी घेऊन उभं होतं, त्या वर्षी या घरातली पिशवी खुंटीवरून हलली नव्हती. ते भात गेलं तर ती खुंटीवरून खाली येणार, आणि पुढच्या कापणीपर्यंत खालीच राहणार, हे सॅन्टनला नोटीस वाचताना समजलं.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून कचेरीत गेला. मोठे साहेब शांत, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सॅन्टनला खुर्ची दिली, तक्ता पुढ्यात ओढला. तक्त्यात युरिया, सुपर फॉस्फेट आणि पोटॅश असे तीन रकाने होते. सॅन्टनने गाळाबद्दल सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पेन उचललं.

"गाळाचं वाटप कुणी केलं?"

"बावखलाने."

"त्यांची सही आहे?"

सॅन्टन म्हणाला, बावखल हे तळं आहे. साहेब म्हणाले, ते ठीक आहे, पण वाटपाला सही लागते. मग त्यांनी मे महिन्यातल्या पाहणीचा कागद काढून दाखवला. त्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं: जमिनीवर चिखल, माशांचा उग्र वास, मशागतीचं चिन्ह नाही. ते लिहिणारा कर्मचारी आता बदलून गेला होता. सॅन्टनला तो आठवला. नाकाला रुमाल लावून आला होता आणि शहाळं पिऊन गेला होता.

शेजारच्या प्लासिड लोपीसने तोड काढली. प्लासिडने युरिया उचललाच होता, शिवाय गोण्याही जपल्या होत्या. त्याच्या न्हाणीघराचा पडदा गोणीचा, पावसातली खोळ गोणीची, कोंबड्यांच्या खुराड्यावरचं छप्परही गोणीचं. "तुझी जमीन पडीक आणि तू उभा," तो सॅन्टनला म्हणाला. "एक रिकामी गोणी घे नि दाखव त्यांच्या नाकासमोर." सॅन्टनने गोणी नेऊन दाखवली. कारकुनाने गोणीवरचा नंबर वहीत शोधला. गोणी प्लासिडच्या नावावर निघाली. ती सॅन्टनने वापरली असेल, तर प्लासिडच्या शेतात एक गोणी कमी पडली. म्हणजे प्लासिडची अकरा गुंठे जमीन पडीक धरावी लागेल, असं कारकुनाने समजावून सांगितलं. प्लासिड त्याच संध्याकाळी येऊन गोणी परत घेऊन गेला. जाताना म्हणाला की शेजारधर्म अकरा गुंठ्यांपर्यंत जात नाही.

दरम्यान, ज्या कुटुंबाची जमीन पडीक आणि ज्याच्याकडे दुसरं पीक नाही, ते अन्नटंचाईग्रस्त, हे मोहिमेच्या नियमातून आपोआपच निघत होतं. त्यामुळे दर शनिवारी जयराम सायकलच्या कॅरियरला बारा किलो मिलो बांधून गिरीजला येऊ लागला. कुटुंबाने धान्य खाल्लं, असा दाखला त्याला तिथेच बसून लिहावा लागे. सॅन्टनची बायको मार्गारेट मिलो उकडायची आणि कोंबड्यांपुढे टाकायची. जयरामला ती पाटावर बसवायची, केळीच्या पानावर नव्याआधीचा जुना तांदूळ, बोंबलाचं कालवण आणि अळूचं फदफदं वाढायची.

पहिल्या शनिवारी तो नको म्हणाला. दुसऱ्या शनिवारी त्याने भात दोनदा मागून घेतला. "बाबू, पोट भरलं का?" मार्गारेटने विचारलं. तो हो म्हणाला, हात धुतले आणि दाखल्यावर लिहिलं: कुटुंबाची अन्नस्थिती चिंताजनक. मार्गारेटला अक्षर लागत होतं. तिने ते वाचलं आणि त्याला जाताना चार केळी दिली.

सप्टेंबर संपता संपता भात पिकलं. वाण हळवा, लवकर येणारा. शेत पिवळं पडलं, खाचरातलं पाणी उतरलं. मार्गारेट म्हणाली, आता कापा. प्लासिडही म्हणाला, कापून घरात घे, मग नांगरू देत त्यांना खुशाल. भात घरात आलं की पडीक जमीन काय आणि नांगरलेली काय. शहाणा सल्ला होता. सॅन्टनने ऐकला नाही.

कारण आगेरा आठ दिवसांवर आला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघर वाटल्या जातात, आणि त्याच्या आधी गावात कुणी विळा लावत नाही. लोंब्या कुणाच्या शेतातल्या, याची पाळी असते. सॅन्टनच्या घराची पाळी याआधी १९५१ साली आली होती, तेव्हा त्याचा बाप जिवंत होता. यंदाची पाळी सॅन्टनची, हे गेल्या आगेराच्या मिस्सेत फादरांनी वाचून दाखवलेलं. ज्याच्या शेतातून देवाघरी लोंब्या जायच्या, त्यानेच आधी चोरून भात कापायचं, हे सॅन्टनच्या गळ्याखाली उतरेना. मार्गारेटने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी विळ्याला धार लावून तो खिळ्याला टांगून ठेवला, म्हणजे आठवण राहावी.

रविवार, ६ ऑक्टोबर. सॅन्टनने सकाळी एकच भारा कापला. बँडवाले पुढे, भारा डोक्यावर घेतलेला सॅन्टन मागे, त्याच्या मागे आळी. फादरांनी प्रवचनात सांगितलं की यंदाचं पहिलं भात सॅन्टन तुस्कानोच्या शेतातलं आहे, आणि दाणा चांगला टपोरा भरला आहे. मिस्सेनंतर दोनशे बारा घरांना लोंब्यांच्या जुड्या वाटल्या गेल्या. लोकांनी त्या घरातल्या क्रुसापाशी खोचल्या. चर्चच्या दाराशी, चपला काढून, जयरामही उभा होता. त्यालाही एकाने जुडी दिली. ती त्याने खिशात ठेवली.

सोमवारी सकाळी सात वाजता सॅन्टन खिळ्यावरचा विळा काढत असतानाच जयराम सायकल ढकलत आला. त्याच्याकडे नवा कागद होता. चौकशीखालच्या जमिनीतून एक भारा माल बाहेर गेल्याचं कचेरीला समजलं होतं. यापुढे चौकशी पुरी होईपर्यंत त्या जमिनीतलं काहीही कापायचं नाही, आणि जे गेलं ते परत गोळा करायचं, असा हुकूम होता.

सॅन्टन विळा हातात धरून ओट्यावर बसला.

"नोटिशीत लिहिलंय, पीक नाही. मग मी कापणार ते काय?"

"पुरावा," जयराम म्हणाला.

"कशाचा?"

"पीक नसल्याचा."

मग मार्गारेटने आतून जयरामला विचारलं की चहात साखर किती.

जयरामला दोनशे बारा घरं फिरायला तीन दिवस लागले. आशीर्वादाची लोंबी सरकारला कोण देणार? पण पोरगा दाराशी ताटकळलेला, घामाने भिजलेला; त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं तरी कसं? आगेरा होऊन गेल्यामुळे गावाची कापणी सुरू झालेली होती. प्रत्येक घराने क्रुसापाशची जुडी तिथेच ठेवली आणि आपल्या स्वतःच्या भाऱ्यातून मूठभर लोंब्या काढून त्याच्या पोत्यात टाकल्या. वर कुणी पेज दिली, कुणी ताक, कुणी सुकेळी. बुधवारी संध्याकाळी जयरामकडे एक भरगच्च पोतं होतं, आणि त्यात सॅन्टनच्या शेतातलं काहीच नव्हतं. कदाचित त्याच्या खिशातली जुडी तेवढी असती, पण ती त्याने पोत्यात टाकली नाही.

पोतं बाहेरगावच्या प्रयोगशाळेकडे रवाना झालं.

मंगळवारी, १५ तारखेला, मोहिमेचा ट्रॅक्टर आला. वाडीतली वाट बैलगाडीच्या मापाची. दोन माडांच्या मधे ट्रॅक्टर अडकला, तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. नालासोपाऱ्याचा ड्रायव्हर खाली उतरला, माडांकडे बघितलं आणि म्हणाला, यातला एक तोडावा लागेल. सॅन्टन म्हणाला, लेखी आण. ड्रायव्हरने कचेरीला कळवलं आणि सावलीत बसला. तेव्हापासून तो रोज नऊला येतो, ट्रॅक्टरजवळ बसतो, पाचला जातो. दुपारी मार्गारेट त्यालाही वाढते. सात तोंडांची आता नऊ झाली होती.

शुक्रवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुना भाताचाच असून त्यात एकूण अकरा वाण आढळतात, असं त्यात होतं. कचेरीत खळबळ माजली. तीस गुंठे, एक चिमूटही युरिया नाही आणि वाण अकरा. मोठे साहेब स्वतः उठून खिडकीपाशी गेले, असं कारकून सांगत होता. शनिवारी फणसाच्या झाडावर दुसरा कागद लागला. त्यानुसार सदर शेत हे खताविना विविध वाण घेणारं आदर्श शेत म्हणून निवडण्यात आलं होतं. पाहुणे बघायला येतील, तारीख मागाहून कळवण्यात येईल, तोवर पीक जसं आहे तसं उभं ठेवावं, एक काडीही हलवू नये.

पहिला कागद काढलेला नव्हता. तो नोटिसांच्या टेबलाचा, हा निवडीच्या टेबलाचा. नोटिसांच्या टेबलाला निवडीच्या टेबलाचा कागद मागे घेता येत नव्हता आणि निवडीच्या टेबलाला नोटिसांचा. आता एका कागदाप्रमाणे शेतात पीक नव्हतं आणि दुसऱ्याप्रमाणे ते जिल्ह्यात आदर्श होतं. ते कापायचं नाही, एवढ्यावर मात्र दोन्ही टेबलांचं एकमत होतं.

भाताला कागद वाचता येत नव्हते. पिकून तीन आठवडे झाले होते. वारा आला की दाणा झडायचा. चिमण्या गावातली बाकीची शेतं रिकामी झाल्यामुळे इथेच मुक्कामाला आल्या होत्या. सॅन्टन पहाटेपासून डबा बडवत बांधावर फिरायचा. शेजारी बोलायचे, आदर्श शेतकऱ्याला आदर्श चिमण्या. रात्री तो जमिनीवरचे दाणे वेचायला म्हणून वाकायचा आणि चिखलात रुतलेला एकेक दाणा नखाने काढायचा. मूठ भरेपर्यंत पाठ धरायची.

२२ तारखेला जयराम मिलो घेऊन आला. वार मंगळवार होता, मिलोचा नव्हे. त्याने पोतं ओट्यावर ठेवलं, सरळ शेतात गेला, एक लोंबी तळहातावर चोळली. दाणे सुटून खाली पडले. कचेरीत तो 'पाणी', 'दाणा' असं नीट बोलायचा. आता त्याची जीभ जूचंद्रला गेली.

"काका, दाना रवत नाय आता. कापा तुमी. मी तिकडं तोंड करून उभा रातो."

सॅन्टनने मान हलवली. त्याने हा विचार बऱ्याच रात्री केला होता.

"कापलं की शेत रिकामं. रिकामं म्हणजे पडीक. मग तुझा पहिला कागद खरा होईल, आणि माड तोडून ट्रॅक्टर आत. हे उभं आहे तोवर निदान ते खोटं बोलतायत."

"आनि नाय कापलं तर?"

"तर खायचं काय, ते तू आणतोसच बारा किलो."

जयराम तिथेच बांधावर बसला. त्या दिवशी तो जेवला नाही. मार्गारेटने दोनदा बोलावलं, तेव्हा त्याने पानावरचा भात परत टोपात घालायला सांगितला.

कापायचं नाही, काडी हलवायची नाही. या दोन वाक्यांवर मार्गारेट रात्रभर विचार करत असावी, कारण २३ तारखेला ती सकाळीच प्लासिडकडे गेली आणि त्याच्याकडून सगळ्या रिकाम्या गोण्या मागून आणल्या. न्हाणीघराचा पडदाही आणला. प्लासिडने विचारलं, यातून परत माझे अकरा गुंठे पडीक होणार नाहीत ना? ती म्हणाली, गोण्या शेतात जाणार, पण रिकाम्या. तिने त्या उसवल्या, लांब पट्ट्या शिवल्या आणि भाताच्या दोन ओळींच्या मधे, बुंध्यांशी अंथरल्या. काही कापायचं नव्हतं, काही हलवायचं नव्हतं. पडेल ते झेलायचं होतं.

अशा रीतीने त्या शेतात शेवटी युरियाच्या गोण्या आल्या.

पहिल्या दिवशी पायलीभर भात मिळालं. जयरामने ते बघितलं आणि कचेरीत जाऊन प्रामाणिकपणे मार्गदर्शन मागितलं: आपोआप पडलेला दाणा हा पुरावा की पीक की कचरा? कारकुनाने अर्ज नोटिसांच्या टेबलाकडे दिला. त्या टेबलाने तो निवडीच्या टेबलाकडे पाठवला. निवडीच्या टेबलाने उलट विचारलं की आदर्श शेतातून दाणा पडतोच कसा.

सोमवार, २८ ऑक्टोबरला चाळीस दिवस पुरे झाले. त्या दिवशी काहीच घडलं नाही. ड्रायव्हर आला, बसला, जेवला, गेला.

मंगळवार, २९ ऑक्टोबर. दुपारी साडेचारपर्यंतची माहिती अशी आहे. ट्रॅक्टर दोन माडांच्या मधेच आहे. त्याच्या सीटवर मार्गारेटच्या एका कोंबडीने अंडं घातलं आहे. फणसाच्या झाडावर दोन्ही कागद आहेत. पाहुण्यांची तारीख आलेली नाही. माड तोडायचा लेखी हुकूम आलेला नाही. जयरामच्या अर्जाचं उत्तरही आलेलं नाही. गोण्यांवरून आजवर साडेपाच पायल्या भात गोळा झालं आहे. वर्षाला लागतं त्याच्या तुलनेत ते काहीच नाही, आणि उभ्या लोंब्यांत अजून किती उरलंय ते सॅन्टनला सांगता येत नाही. तीनच्या सुमाराला समुद्राकडून थोडा वारा आला होता, तो पडला. सॅन्टन बांधावर आहे. एका गोणीचं एक टोक मार्गारेटच्या हातात आणि दुसरं जयरामच्या हातात आहे, आणि तिघेही पश्चिमेकडे बघत उभे आहेत.